ठकीचा कल

ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, वि. वि.

नाही, मला कपडे धुवायची आवड नव्हती. तू विचारलं नाहीस, कुणीच कधी विचारलं नाही, पण तुझं पाकीट उघडल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सांगते. गाळा रिकामा मिळाला, नळाला पाणी होतं, लाँड्री काढली. आवड मागून आली की नाही, ते बघायला सवड झाली नाही.

आता तुझ्या लेकीची कलचाचणी. शाळेनं घेतली, घेऊ दे. अहवालात रंगीत खांब काढलेत, सगळ्यात उंच खांब सेवेचा, म्हणून ठकीला नर्सिंगला घालायचं, असं तू लिहितोस. आणि त्याच दमात लिहितोस की ते कॉलेज घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, म्हणजे तिला तिच्या आजारी आईचंही बघता येईल. तिथे मला ठसका लागला.

नर्सिंग वाईट नाही. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ती नर्स होती म्हणून मी धड राहिले. पण आपली ठकी? गेल्या सुट्टीत इथे आली तेव्हा गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचे तर पोरगी कपाटामागे जायची. हां, एक चुण्यांचा स्कर्ट धुण्यात पार सपाट होऊन बसला होता, तो तिनं पुसट रेघा बघून पुन्हा जसाच्या तसा बसवला. मी इतकी वर्षं इस्त्री धरते, मला जमलं नसतं.

अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाच. तुझी खोड मला माहीत आहे, वरचं वाचतोस आणि घडी घालतोस. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं हो हो करतोस.

वहिनीला जप. माया आहे तेवढी आहे, वाढवायला जागा नाही.

अक्का

---

ता. ९ एप्रिल

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. ठसका बरा झाला असेल अशी आशा करतो.

शेवटचं पान वाचलं. आकृत्यांच्या भागात ठकीला पैकीच्या पैकी आहेत. आराखडे काढायचं शिक्षण घ्यावं, असं तिथे बारीक अक्षरात लिहिलंय. पण ते कॉलेज तुझ्या गावात, इथून रोज जाण्यासारखं नाही. ती गेली तर हिच्याजवळ कोण? अर्धांगानं हिचा उजवा हात गेला तो अजून उठत नाही, बोलणंही अडखळतं. मी ऑफिसातून येतो तेव्हा बूट काढायचंसुद्धा जिवावर येतं. तशीच बसतो, मग ठकीच येऊन नाड्या सोडते.

तिला विचारलं. चालेल म्हणाली. अक्का, चाचणीतल्या खुणा तिनं स्वतःच्या हातानं केल्यात, मी काही तिचा हात धरला नव्हता. महिनाअखेर फॉर्म भरायचा आहे. आता तू घोळ घालू नकोस, मी फार दमलोय गं.

तुझा राग परवडतो, अबोला परवडत नाही. उत्तर दे.

धाकटा

---

ता. १४ एप्रिल

ती. आत्याला ठकीचा नमस्कार.

बाबांना सांगू नकोस असं लिहिणार होते, पण तू सांगणारच, म्हणून शाई वाया घालवत नाही.

चाचणीचे दोन भाग होते. आकृत्यांचा भाग शाळेत झाला, घड्याळ लावून. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, असले प्रश्न. इतकी मजा आली की घंटा झाली तेव्हा मला वाईट वाटलं.

दुसरा भाग आवडीनिवडीचा. तो घरून भरून आणायचा होता. आमच्याकडे आलेला प्रत्येक कागद आईला वाचून दाखवायचा असतो, तुला माहीतच आहे, अगदी लाइटचं बिलसुद्धा. तेवढंच तिला घरात असल्यासारखं वाटतं. म्हणून पलंगाशी बसून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला. आजारी माणसाची सेवा करायला आवडते का? आईनं तोंड भिंतीकडे वळवलं. मी 'खूप'वर खूण केली. रात्री कुणासाठी उठायचा त्रास वाटतो का? 'अजिबात नाही.' मग पुढचंही सगळं तसंच भरावं लागलं.

आईचं करायला मला जड जात नाही गं. पण परक्या माणसांच्या वॉर्डात जन्म काढायचा म्हटलं की तुझ्या कपाटामागे जाऊन बसावंसं वाटतं. बाबा दारातून आत येतात तेव्हा त्यांचा चेहरा बघून चालेल सोडून दुसरं काही तोंडातून निघत नाही.

रागावलीस तरी माझीच राहा.

ठकी

---

ता. १९ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

ठकीचं पत्र सोबत पाठवतेय. ते आधी वाच, आणि तिच्यावर ओरडू नकोस.

चाचणी खोटी नाही. शाळेत पोर एकटी बसली होती, तिथलं खरं निघालं. आईच्या उशाशी बसून नाही कोण म्हणेल? तू म्हणाला असतास? मी शाळेच्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला. चांगलं सुनवायच्या तयारीनं बसले होते, पण बाई म्हणाल्या, पोरीनं काय उत्तर दिलं तेवढंच कागद सांगतो, ते कुणासमोर दिलं हे त्याला कळत नाही. बाई शहाणी निघाली, माझी तयारी फुकट गेली.

वहिनीनं तोंड का फिरवलं, ते तिच्याजवळ बसून विचार. बोलायला तिला वेळ लागतो, तेवढा वेळ दे. लेकीला पाठवायची का, तेही तिलाच विचार. ती काय म्हणेल ते मला इथं बसून कळतंय.

लाँड्री शेजारच्या शिंप्याला चालवायला दिली. महिनाअखेर मी तुमच्याकडे येते, राहायला. ठकीनं आराखड्यांच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा आणि माझ्या वरच्या खोलीत राहायचं. खिडकी अडते, खालून गुडघ्यानं ढकलावी लागते, सांग तिला. जेवण शिंपिणीकडे ठरवलंय. वर्षभरानं ते शिक्षणही नको वाटलं तर तेव्हा बघू. कापडाचा रंग पाण्यात घातल्यावरच कळतो, आधी दुकानदार काहीही सांगो.

वहिनीजवळची ठकीची खाट मला लागेल. उशी माझी मी आणीन. आणि तुझे बूट तू काढायचे.

आता तू लिहिशील की अक्का, तुला झेपेल का, तुला हे आवडेल का. त्या रकान्यात मी खूण करणार नाही. विचारू नकोस, वहिनीसमोर तर नाहीच नाही. याउप्पर मी एक अक्षर बोलणार नाही.

अक्का