तपासणीच्या दिवशी रजा

मुरगूड, मार्च १९९९

मा. तपासणी अधिकारी साहेब, सलाम.

अपंगांचा कायदा नीट पाळतात का ते बघायला गेल्या मंगळवारी तुम्ही आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात आला होता. त्या कायद्यामुळंच मला तिथं नोकरी लागली. माझे दोन्ही पाय पोलिओनं गेलेत. टेबल वरच्या मजल्यावर आहे. रोज बावीस पायऱ्या मी हातांवर जोर देऊन, बसत बसत चढते. कुबड्या शिपाई वर आणतो. खाली टेबल द्या म्हणून तीनदा अर्ज केला.

सोमवारी हेडक्लार्क म्हणाले, "शमशाद, उद्या रजा टाक. सायबांनी तुला जिन्यावर बघाय नको. तुझं कायम व्हायचं हाय अजून."

"व्हय सर," मी म्हणाले. तापाचा अर्ज त्यांनीच लिहिला, मी सही केली.

घरी हे सांगणं जमलं नाही. म्हणून मंगळवारी नेहमीच्या एस.टी.नं आले आणि ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. दुपारी ऑफिसातून बाहेर पडून तुम्हीही तिथंच चहाला आला. कुबड्या बघून विचारलंत, "ताई, नोकरी करता का कुठं?"

"न्हाय साहेब. पावण्यांकडं आलीया."

"मग त्या समोरच्या ऑफिसात अर्ज करा. तुमच्यासारख्याच एक बाई आहेत तिथं. आज रजेवर होत्या, पण त्यांची सोय चांगली केलीय."

मला राग आला नाही, रडूही आलं नाही. "बरं साहेब," म्हणाले आणि सरकून तुम्हाला बाकावर जागा करून दिली.

आपली,
शमशाद मणेर
कनिष्ठ लिपिक