भरावापलीकडचं कबरस्तान

रविवार, १४ जुलै

काय हशा मिळाला! एवढा तर लग्नांतही मिळत नाही, आणि तिथे मला निवेदनाचे पैसे देतात.

टोलरस्त्याची जाहीर सुनावणी होती, गावच्या सभागृहात. रस्ता होणार हे ठरलेलंच. आता फक्त 'लोकांचं म्हणणं' ऐकून घ्यायचं. भराव दोन पुरुष उंच – गाव अलीकडे, कबरस्तान पलीकडे. शेजारची बू पोनिरा, म्हणजे पोनिरा मावशी, उठली. आवाज कापरा. "भरावाखालून बोगदा द्या. जनाजा खांद्यावरून जायला हवा." प्रकल्पाचा साहेब म्हणाला, गाडीने पुलावरून वळसा घाला. ती म्हणाली, "आमच्यात मयत गाडीत घालत नाहीत." एवढ्यात मी मागून –

"बू, कफनात सुटे पैसे तेवढे बांधा. टोलनाक्यावर मेलेल्यांची फार पंचाईत होते!"

सभागृह हसून कोसळलं. साहेबाने डोळे पुसले. "चला, हा मुद्दा हसतखेळत मिटला." पोनिरा खाली बसली. आणखी काही बोलणार होती बहुतेक. मग दुआ, मग जेवणाचे डबे.

घरी आईला सगळं नक्कल करून दाखवलं. ती पानातला भात बोटाने सारखा करत राहिली. "मग पोनिरा काय म्हणाली?"

काय म्हणणार!

सोमवार, १५ जुलै

चहाच्या टपरीवर जो तो एकमेकाला विचारतोय, "काय रे, सुटे आहेत ना?" माझाच विनोद, फुकटात फिरतोय. पोनिरा टेम्पे – आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या – विकायला आली, तर तिलाही विचारलं कुणीतरी. तिला वाटलं खरंच हवेत. कमरेची पिशवी सोडून मोजायला लागली. सगळे हसले.

मी चहा अर्धा टाकून उठलो.

बुधवार, १७ जुलै

माझं सदर ज्या पेपरात येतं त्याच पेपरात बातमी : 'ग्रामस्थांनी खेळीमेळीच्या वातावरणात बोगद्याची मागणी सोडली.'

खेळीमेळी म्हणजे मी. इतकी वर्षं उपहास लिहितोय, एक गटारही दुरुस्त झालं नाही. आणि परवा एका वाक्यात बोगदा बुजवला! गंमत म्हणजे मी रस्त्याच्या बाजूचा नाही. विरोधातलाही नाही. जीभ खाजली, एवढंच.

गुरुवार, १८ जुलै

संध्याकाळी पोनिरा फुलांची परडी घेऊन नवऱ्याच्या कबरीकडे गेली. दर गुरुवारी जाते. जाताना आमच्या दाराला केळीच्या पानातलं टेम्पे अडकवून गेली – तेही दर गुरुवारचंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं. टेम्पे तळून खावं लागतं.

परतताना तिला गाठलं. "बू, परवाचं जरा जास्तच..."

"असू दे रे मिन. साहेब तरी हसला बिचारा. नाही तर दिवसभर कसा आंबट तोंड करून बसला होता."

आत्तापर्यंत मला वाटायचं, गावात धारदार जीभ एकच आहे.

रविवार, २१ जुलै

दुसरी सुनावणी. मी माइक मागितला. तोंड उघडायच्या आधीच हशा.

"बोगदा हवा." हशा.

"खरंच सांगतोय." जास्त हशा.

"अरे, माझी आई आहे घरी, म्हातारी. उद्या तिला..." पहिल्या रांगेतला एकजण मांडीवर थापा मारत ओरडला, "सुटे बांधा तिला!" मी हात जोडले, तर बायकांनी तोंडावर ओढण्या घेतल्या. साहेब कौतुकाने, मला आदराचं 'पाक' लावून म्हणाला, "पाक तुगिमिन असले की सुनावणी कशी हलकी जाते! आता पुढच्या रविवारी शेवटची. तेव्हाही या हं."

खाली बसलो. अख्ख्या सभागृहात एकटी पोनिरा हसत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती.

घरी आईने विचारलं, "बोगद्याचं बोललं का कोणी?"

"मी बोललो."

"मग?"

"हसले."

तिने आपला लुळा पाय हाताने उचलून बाजेवर घेतला. "हं," म्हणाली.

शुक्रवार, २६ जुलै

सदर पाठवलं नाही. संपादकाचा फोन : "तब्येत बरी नाही का?" हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कुणी जसंच्या तसं खरं मानलं, आणि ते खोटं होतं.

रविवार, २८ जुलै, सकाळ

आई ठेवणीतला सारोंग नेसून बसलीय. म्हणाली, "त्या दिवशी पोनिराला मीच उभं केलं होतं. तुझ्या बापाशेजारी जायचंय मला, आणि खांद्यावरून. ती म्हणाली, मिनलाच सांगा की. मी म्हटलं, नको. तो हसेल."

आज आई स्वतः सुनावणीत बोलणार आहे. वेताच्या खुर्चीत बसवून खांद्यावरून न्यायचं. पोनिराने तीन माणसं आणली. चौथा कोपरा मी मागितला.

"आईला विचार," पोनिरा म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं. "खांदा दे," म्हणाली. "तोंड मिटून."