गंजातल्या बँकेची इमारत आणि तिचा आड

मी, गुरम्मा भ्रतार पंचाक्षरी हालकुडे, वय बासष्ट, राहणार गंज, लातूर, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीनं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. मान मात्र खाली आहे. कारण पुढं येईल.

१. गंजातली दगडी इमारत माझे वडील रेवणसिद्धप्पा यांनी निजामाच्या अमदानीत आपल्या बँकेसाठी बांधली. पुढं बँक बंद पडली. वाटणीत गळकी म्हणून इमारत माझ्याकडं आली. लातूर जिल्हा झाल्यावर जागेला भाव चढला, तसा धाकटा भाऊ भीमाशंकर ती पाडून दुकानं काढू म्हणू लागला. मी ऐकलं नाही, दुरुस्ती काढली. देगलूरचे गवंडी व्यंकटी म्हणाले, "अम्मा, वरचा मजला खालच्याला खाऊन राहिला." तो मजला बहात्तरच्या दुष्काळात सिमेंटात चढवलेला. मी तो उतरवायला सांगितला.

२. काम चालू असताना लक्ष्मम्मा नावाची म्हातारी रोज फाटकाशी उभी राहायची. मी तोऱ्यात तिला म्हटलं, "दुष्काळात माझ्या अप्पांनी इथं लोकांना काम दिलं."

"हाव अक्का. म्या व्हते की कामाला."

मग तिनं सांगितलं. मागच्या आडाला तेव्हा पाणी होतं. बायांनी ते शेंदून नव्या भिंतींवर मारायचं, प्यायचं नाही, असा अप्पांचा हुकूम. तिची लहानगी सिंधु हगवणीनं मलूल पडली होती. लक्ष्मम्मानं तिच्या तोंडाशी घागर नेली. अप्पांनी ती हिसकून भिंतीवर ओतली. सिंधु त्याच आठवड्यात गेली.

भीमाशंकर तेव्हा तिथंच होता. मी विचारलं तर म्हणाला, "सिमेंट तडकलं असतं, अक्का."

त्या मजल्यावर मी दरसाल दिवाळीला पणत्या लावल्या. आता गंजात कुणी "अप्पांची लेक" म्हणून नमस्कार केला की मी पदर पुढं ओढते.

३. इमारत मुलींच्या वाचनालयासाठी द्यावी. विश्वस्त म्हणून भीमाशंकरची लेक शिवकन्या हिला नेमते. ती बापावर गेलेली नाही. आडाचं पाणी नळानं रस्त्यावर काढलं आहे. यंदाही दुष्काळ आहे. तो नळ कुणीही बंद करू नये.

४. माझी बचत देखभालीला. औशाचं शेत आणि अप्पांची तसबीर भीमाशंकरला. 'दुष्काळातले अन्नदाते' अशी संगमरवरी पाटी त्यानं करून आणली आहे. ती इमारतीवर लागू देऊ नये.

५. मला मूठमाती देताना जंगमांनी अप्पांच्या दानधर्माबद्दल बोलू नये.

६. मागची खोली मी लक्ष्मम्माच्या नावे लिहिली होती. ते कलम तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "खोडा ते. पाण्याच्या बदल्यात खोली न्हाई घेत म्या."

वकील अमृतराव म्हणाले, "मृत्युपत्रात ज्याला काही मिळत नाही, त्यानंच साक्षीदार व्हावं."

"मग मला साक्षीला घ्या," ती म्हणाली.

खोलीचं कलम खोडलं आहे.

लातूर, दि. १२ मे १९८६
सही: गुरम्मा हालकुडे

आमच्यासमोर वाचून सही झाली:
१. अमृतराव, वकील. सही.
२. लक्ष्मम्मा, सिंधुची आई. डाव्या हाताचा अंगठा.