सौ.चं तिकीट

५ जाने.
गुवाहाटीहून दीपाचा फोन. डॉक्टरने प्रवास बंद केलाय. म्हणजे लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी नाही. संध्याकाळी सौ. म्हणाली, "ती येत नाय तर मी जाते. तिच्यापाशी आपलं कोण हाय तिथं?" बाळंतपणाची तारीख २६ ची. ट्रेनने तिसऱ्या दिवशी पोचणार, म्हणून विमान. १८ ला निघाली तरी पुष्कळ.

६ जाने.
मोबाईलवर तिकीट काढलं. बाहेर मोठ्या अक्षरांत ४,१९९. आत शिरलो तर जो तो हात पसरून उभा. खिडकीला पैसे, मधल्या सीटला पैसे, बॅगेला पैसे, विमा, सँडविच, आणि शेवटी सुविधा शुल्क! कसली डोंबलाची सुविधा? बटणं मीच दाबली, डोळे माझेच फुटले. धाटावच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केली, कँटीनवाल्यानेही एवढं कापलं नाही. सगळ्या खुणा काढून टाकल्या. नुसतं माणूस जाईल. जातायेताचं एकदम, पैसे परत न मिळणारं, म्हणून स्वस्त. रोह्याचा एजंट वर पाचशे मागत होता, तेही वाचले.

११ जाने.
सौ.ने बॅग भरली. वाल, अळिवाचे लाडू, पेणचे पापड, बाळाला लुगड्याची गोधडी. सोळा किलो. म्हटलं, सातच चालतं. "मग भरा की पैसे." बॅगेचे पैसे तिकिटाच्या निम्मे! माझं डोकंच फिरलं. "वाल काय सोन्याचे हायत?" ती उठून आत गेली. नंतर लाडू आणि गोधडी ठेवून बाकी काढलं तिनेच. वाईट वाटलं मला, पण पैसे भरले नाहीत.

१८ जाने.
विमानतळाच्या दारातच अडवलं. जवान एकदा आधार बघतो, एकदा तिकीट. "नाम अलग है."
तिकिटावर सुनंदा म्हात्रे. आधारवर वेणू धर्मा पाटील. सुनंदा हे मी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. आधार तिने पेणला माहेरी गेली असताना काढलं, शाळेच्या दाखल्यावर, म्हणून माहेरचं नाव. कार्ड इतकी वर्षं कपाटात. मी कधी वाचलंच नाही.
काउंटरवरची मुलगी म्हणे, एखादं अक्षर असतं तर केलं असतं, हे तर दुसरंच माणूस आहे. नवीन काढा. आजचे एकोणीस हजार. खात्यात तेवढे नव्हते. मी सगळ्यांदेखत सौ.वरच खेकसलो, आधी सांगायला काय झालं होतं. ती एवढंच म्हणाली, "इचारलं व्हतं काय?"
लाडवांसकट परत.

१९ जाने.
दीपाचं ऑपरेशन आजच करावं लागलं. मुलगी. दोघी बऱ्या. आत नेताना "आई पोचली का" विचारत होती, जावयाने सांगितलं. काय गरज होती सांगायची?
सौ. रडली नाही. भांडी घासत बसली, घासलेलीच परत. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
जुन्या तिकिटाचे परत आले, कराचे म्हणून. जातायेताचे मिळून ८१२. बाकी सगळं गिळलं भडव्यांनी.

२१ जाने.
सौ. पेणहून आपल्या भावाकडून पैसे घेऊन आली. मीही जमवले होते, तिने हात लावला नाही. रोह्याला एजंटकडे स्वतः गेली. मी मागून गेलो. त्याने पहिलं काय मागितलं? आधार. पाचशे वाचवले मी!
"नाव?"
"वेणू."
असं खणखणीत बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. बॅगेचे भरले. खिडकीचेसुद्धा भरले. "परतीचं?" "नको." मी म्हटलं, "अगो, दोन्ही एकदम स्वस्त पडतं." "ऱ्हाऊ दे."
सुनंदा म्हणून तरी मी कधी हाक मारली? उभा जन्म "अगो". मग बदललं कशाला?

२३ जाने.
गेली. वाल, पापड, सगळं घेऊन. दारात जवानाने कार्ड बघितलं आणि हसून आत सोडलं. तिने मागे वळून बघितलं नाही. गर्दी होती म्हणा.

१४ फेब्रु.
बारसं फोनवर बघितलं. वेणू हिरव्या साडीत. माझ्याशी बोलली नाही, बाळ तेवढं दाखवलं.

२ मार्च
परतीचं भाडं उतरलंय. नाव आधारवरचं, तीनदा ताडून घातलं. खिडकी घेतली. बॅग घेतली, पंधरा किलोची. सँडविचसुद्धा. तारीख तेवढी राहिली. फोन लावला.
"वेणू, कधीचं काढू?"
मागे बाळ रडत होतं. मग म्हणाली, "कोण बोलतंय?"
"मी."
"बघते," म्हणाली. फोन ठेवला. तारखेचा रकाना तसाच आहे.