तीन नंबरच्या खोलीची भिंत

३ फेब्रुवारी
बोरी बुद्रुकला पोचले. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये महिनाभर काम आहे. थर्मल कॅमेऱ्यानं भिंती, मोटारी, वायरिंग तपासायचं. गार ते पडद्यावर निळं दिसतं, गरम ते पिवळं. मॅनेजर गोरक्षभाऊंनी आल्याआल्या ताट भरून द्राक्षं पुढे ठेवली. "दिशाताई, लाजायचं न्हाई. घरचीच हायती." राहायच्या खोलीतून बागा दिसतात. मजेत जाईल महिना.

५ फेब्रुवारी
एका मोटारीचं बेअरिंग तापलेलं निघालं, एक वायर सैल. गोरक्षभाऊ खूश. दुपारी तीन नंबरच्या खोलीची मागची भिंत बाहेरून पाहिली. निळ्यात एक पिवळा आकार. डोकं, खांदे, पोटाशी घेतलेले गुडघे. छत्तीस अंश. तिथेच एक म्हातारी पाठ टेकून बसली होती, म्हटलं तिचीच ऊब असेल. तिला बाजूला बसवलं. अर्ध्या तासानंही आकार तिथेच. उजवा तळहात लावून पाहिला. माणसाच्या अंगासारखी ऊब.

६ फेब्रुवारी
गोरक्षभाऊंनी पत्रा उघडून दाखवला. आत नुसता फोम. पत्रा बसवला, आकार परत आला. म्हातारीचं नाव म्हाळसाबाई. गेल्या हंगामात तिचा नवरा सोनबा त्या खोलीत चुकून कोंडला गेला, दुसऱ्या दिवशी मेलेला सापडला. तेव्हापासून ती रोज येऊन बसते. कुणी उठवत नाही. माझ्या हाताला मुंग्या येताहेत.

९ फेब्रुवारी
हात बधिर. चहाच्या पेल्यानं फोड आले, कळलंच नाही. कॅमेऱ्यात हात चोवीस अंश. कॅमेरा म्हाळसाबाईवर धरला तर छातीपाशी बोटभर पिवळं, बाकी सगळी निळी. ती म्हणाली, "लई गारठल्यात वं ते. माझ्यात आता काय राह्यलं न्हाई. त्या दिशी तू हात लावलास, पोरी, तवा त्यांचं थरथरणं थांबलं."
तिला नाही म्हणायला हवं होतं. भिंतीला दुसराही हात लावला.

११ फेब्रुवारी
नारायणगावच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. बॅग भरून एसटी स्टँडवर बसले. पुण्याच्या दोन गाड्या समोरून गेल्या. घाबरायला हवं, एवढं समजतं. पण भीती कुठे लागतच नाही. परत आले.

१३ फेब्रुवारी
म्हाळसाबाई गेली. पहाटे, झोपेत. गोरक्षभाऊ म्हणाले, सुटली. भिंत एकोणतीस — दुपारी सव्वीस. आकार आक्रसत चाललाय. मी नाही बसले तर —

१४ फेब्रुवारी
पाठ टेकलीय. बोटं दिसतात, पण त्यांना पेन लागत नाही. भिंत तीस. चौतीस.
कॅमेरा मागे वळवला. आत आता दोघं. शेजारी शेजारी, पिवळीधमक. माझ्याकडेच बघताहेत —
सरकताहेत. मधे जागा करून —