बर्फावर ब्रेक दाबायचा नसतो

६ जाने., मंगळ.
सकाळी प्रज्ञाचा फोन. कॅनडात रात्र, उणे सत्तावीस. वृद्धाश्रमातली ड्यूटी संपवून घरी जाताना गाडी रस्त्यावर गोल फिरली. समोरून कोणी नव्हतं म्हणून वाचली. हसत सांगत होती. "बर्फ दिसतच नाही गं आई, रस्ता नुसता ओला वाटतो." मग म्हणाली, "तू शिकवलंस तसा कचकन ब्रेक दाबला, तिथेच चुकलं."
वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना शिकवतेय, घाबरलात तर ब्रेक. पोरीलाही तेच शिकवलं, इथे आमच्या इंद्रलोक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर.

८ जाने.
प्र.ला तिच्या वॉर्डात काम करणाऱ्या बाईने मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी मुद्दाम घसरवून शिकवलं. घसरली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, जिकडे जायचंय तिकडे बघायचं, स्टेअरिंग हळू. मी लिहून घेतलं. पन्नाशीनंतर पुन्हा लर्नर!
ह्यांना म्हटलं, परत बोलवूया. "दोन वर्षांत तिथले कागद पक्के होतील, आता कुठे?" म्हणाले खरे, पण जेवले नाहीत धड.

१३ जाने.
उत्तनची फिलोमिना नवऱ्याचा मासळीचा टेम्पो चालवणार म्हणून शिकतेय. आज तारोडीच्या वळणावर तिची काही चूक नसताना मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. तिचं डोकं स्टेअरिंगवर आपटता आपटता राहिलं.
"मॅडम, रस्त्याव कोन न्हाय!"
खरंच नव्हतं. टँकरचं पाणी सांडून रस्ता चकाकत होता, एवढंच.

१६ जाने., दुपार
लिहून टाकते.
सकाळी ६.४५ ला फोन. प्र.ची गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात. लागलं नाही. मदत मागवलीय, वादळामुळे दीड तास लागेल. हीटर लावून बसलीय. बरं म्हटलं. बोलत राहिलो. मग म्हणाली, "डोकं दुखतंय गं. झोप येतेय."
"सायलेन्सर बघितलास?"
"मागची बाजू सगळी बर्फात आहे."
"इंजिन बंद कर. आत्ता. काच खाली कर."
"आई, उणे तीस आहे. गारठून मरेन."
"धूर आत येतोय! बंद कर म्हणते ना!"
इतकी तिच्यावर कधी ओरडले नव्हते. हे आतून धावत आले. इंजिनचा आवाज थांबला. म्हटलं, उतर, सायलेन्सरचं तोंड मोकळं कर, गाडी सोडून लांब जाऊ नकोस. फोन सीटवर ठेवून गेली. नुसता वारा ऐकू येत होता. मग तोही बंद. फोनची बॅटरी गेली असणार.
पाऊण तास. हे फोन लावत राहिले. मी बंद कर म्हटलं ते बरोबर, की गारठली तर मीच—
८.१० ला अनोळखी नंबर. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या फोनवरून प्र. "आहे मी," म्हणाली. मी फोन ह्यांच्या हातात दिला.

१७ जाने.
डाव्या हाताची दोन बोटं काळीनिळी. हातमोजा ओला झाला म्हणून काढला, नुसत्या हाताने बर्फ उकरला. डॉक्टर म्हणाले, धूर बराच गेला होता, अर्धा तास अजून तशीच बसली असती तर…
संध्याकाळी हेच म्हणाले, "ये म्हणावं तिला." मी सांगितलं. प्र. म्हणाली, "इथे सहलीला आलेय का मी, आई, वाटलं की उठून निघायला? बस नाही गावात. गाडी चालवावीच लागेल."

२७ जाने., मंगळ.
गाडी दुरुस्त होऊन आली. आज पहिली ड्यूटी. ती संपवून ६.४० ला पार्किंगमधून फोन. टपावरचा बर्फ झाडला, सायलेन्सर बघितला, फावडं, ब्लँकेट, पॉवर बँक सगळं घेतलंय. पट्टीमुळे डाव्या हातात स्टेअरिंग नीट बसत नाही.
"आई, घरी पोचेपर्यंत बोलत राहशील? भीती वाटतेय."
हो म्हणणारच होते.
"चालवताना फोन नाही," म्हटलं. "हळू जा. पोचलीस की कर."
"बरं." ठेवला तिने.
पाऊण तासाचा रस्ता. तिकडे पुन्हा बर्फ सुरू झालाय.
७.२५. हे दारात उभे आहेत.
७.३८. अजून फोन नाही.