घडीची खुर्ची

बाबा,

आईला घेऊन तळ्यावर गेले आहे. तुमची घडीची खुर्ची आम्ही नेली आहे, घरभर शोधत बसू नका. चारही गळ जागेवर आहेत.

मोकळ्या हवेतल्या आवडत्या छंदांच्या माझ्या पाहणीत आईचा फॉर्म तुम्हीच भरलात. "तिला काय विचारायचंय? दर रविवारी तळ्यापर्यंत चालत येते की!" असं म्हणून 'चालणे'वर खूण केलीत. ती येते तुमचा डबा पोचवायला.

काल बायकांचे साठ फॉर्म नवऱ्यांच्या फॉर्मांशी ताडून पाहिले. एकोणीस जोड्यांत अक्षर एकच निघालं, नवऱ्याचं. आणि मी 'पुरुषांना मासेमारी, बायकांना चालणं' असं लिहून मोकळी झाले होते.

मग आईलाच विचारलं. ती म्हणाली, "पाण्याकडे बघत नुसतं बसावंसं वाटतं गं. कधी बसलेच नाही." 'नुसतं बसणे' हा पर्याय माझ्याही फॉर्मात नव्हता.

मी नको म्हणत असतानाही तिने तुमचा डबा भरून ओट्यावर ठेवलाय. तळ्यावर येणार असाल तर तो स्वतः घेऊन या.

खुर्ची मात्र मागू नका. तुम्ही मागितलीत तर ती लगेच उठेल.

धाकटी